कोबेगाची रेघ

ज्या माणसाने नकाशावर ती रेघ ओढली त्याने कोबेगा कधी पाहिलेलं नव्हतं, हे मी आजही कुणासमोर सांगेन. पाहिलं असतं तर त्याने ती पाण्याच्या एका फाट्यावरून पुढे, बरोब्बर धावपट्टीच्या पोटातून नेली नसती. रेघेच्या उत्तरेला उडणाऱ्यांनी रेडिओवर एका फ्रिक्वेन्सीवर बोलायचं, दक्षिणेला उडणाऱ्यांनी दुसरीवर. आणि कोबेगाला उतरणाऱ्यांनी? त्याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. उत्तरेकडून येणारे उत्तरेच्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचे, दक्षिणेकडून येणारे दक्षिणेच्या. दोघंही अगदी इमानदारीत बोलायचे, आणि एकाचं दुसऱ्याला ऐकू जायचं नाही.

कोबेगाला टॉवर नाही. मुरुमाची पट्टी आहे, एका टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी, गवताने शाकारलेला एक मांडव, आणि हत्ती हुसकायला कॅम्पची जीप. आकाशात कोण आहे हे सांगायला खाली कुणी बसलेलं नसतं. आम्ही पायलटच एकमेकांना सांगतो: मी इथे आहे, एवढ्या उंचीवर आहे, आता वळतेय, आता उतरतेय. त्या बोलण्यावर आणि दोन डोळ्यांवर सगळं चालतं.

माझं नाव सेथुन्या. माऊन गावाहून दलदलीतल्या पर्यटकांच्या कॅम्पांना माणसं आणि सामान पोचवणारं सहा जणांचं विमान मी अकरा वर्षं उडवलंय. त्या रेघेबद्दल मी विमान खात्याला तीन पत्रं लिहिली होती. पहिल्याला उत्तरच आलं नाही. दुसऱ्याला आलं ते एवढंच की पत्र पोचलं. तिसऱ्याचं उत्तर मला पाठ आहे: ‘सदर ठिकाणी आजवर कोणतीही दुर्घटना अथवा तत्सम प्रसंग नोंदवला गेलेला नसल्याने बदलाची आवश्यकता दिसून येत नाही.’ म्हणजे आधी मरा, मग अर्ज करा. ते उत्तर मी फ्रीजवर चिकटवलं. नवरा म्हणाला, “काढ ते. दूध घ्यायला गेलीस तरी दात ओठ खातेस.” मी काढलं नाही.

सप्टेंबरातली गोष्ट. दुपारचे पावणेचार वाजत आले होते. मागच्या सीट काढून कांद्याची पोती, भाजी आणि अंड्यांचे ट्रे भरले होते, आणि माझ्या उजव्या हाताला कोबेगा कॅम्पची स्वयंपाकीण म्मा गालेब्वे बसली होती; बाईला आमच्याकडे आदराने म्मा म्हणतात, पुरुषाला रा. पुतणीच्या लग्नाला गेलेली, दोन आठवड्यांनी कामावर परत येत होती. मांडीवर माग्विन्यांचा, पिठाच्या तळलेल्या गोळ्यांचा डबा, आणि तोंड एकसारखं चालू.

“पोरी, हे तुझं विमान आहे की चाळण? किती हलवतेस!”

“मी नाही हलवत म्मा, उन्हाने हवा हलतेय.”

“माझा मेलेला नवरा असंच म्हणायचा. गाडी तो चालवायचा आणि दोष रस्त्याला.”

मी रेडिओवर चार वेळा बोलले. दहा मैलांवर, पट्टीच्या डोक्यावर, वळताना, आणि पट्टीसमोर सरळ होताना. पलीकडून कुणाचा आवाज नाही. विमानात रेडिओ दोन होते. दोन्ही चालू असते तर मी दोन्हीकडचं ऐकलं असतं. पण दुसरा सहा आठवडे मेलेला होता. त्याचा सुटा भाग परदेशातून यायचाय, असं आमचे मॅनेजर फेतोलो दर सोमवारी सांगत, आणि दर सोमवारी मी मान हलवून विमानात चढत होते.

वारा पूर्वेचा होता म्हणून मी पूर्वेकडे तोंड करून उतरत होते. सूर्य पाठीमागे, जरा डावीकडे. आमची सावली पुढे उजव्या अंगाला, पिवळ्या गवतावरून पळत होती. मी पट्टीकडे बघत होते. म्मा गालेब्वे खाली बघत होती.

“पोरी,” ती म्हणाली, “आपल्या सावल्या दोन कशा गं?”

“काय?”

“ती बघ. ती लहान आपली. आणि तिच्या अंगावर चढतेय ती मोठी कुणाची?”

मी बघितलं. आमची सावली मला ओळखता येत होती. तिच्याकडे दुसरी सावली सरकत होती, दोन इंजिनांची. दोघींमध्ये गवताची एक पट्टी उरली होती आणि ती अरुंद होत होती.

आमच्या विमानाचे पंख छपरासारखे वर असतात, त्यामुळे डोक्यावरचं काही दिसत नाही. त्या दुसऱ्या विमानाचे पंख खाली असतात, त्यामुळे त्याला पोटाखालचं काही दिसत नाही. तो माझ्या छपरावर उतरत होता आणि आम्ही दोघंही पट्टीकडे बघत होतो, अगदी शिस्तीत.

वर ओढायचं नाही, एवढंच मला त्या क्षणी कळलं. शरीर वर ओढायला सांगत होतं. मी नाक खाली दाबलं, उजवा पंख पाडला आणि झाडांवरून बाजूला सुटले. अंड्यांचे ट्रे एकमेकांवर आदळले. म्मा गालेब्वेने किंकाळी फोडली नाही, तिने माझा दंड धरला आणि डबा सोडला. मान वळवली तेव्हा तो वरून जाताना दिसला. त्याच्या पोटावरचे तेलाचे काळे ओघळ मला दिसले. तेलाचे ओघळ दिसण्याइतकं जवळ विमान मी फक्त हँगरमध्ये बघितलंय.

तो खाली गेला, टेकला, धूळ उडवत पट्टीच्या टोकाला थांबला. त्याला काहीच कळलं नव्हतं.

मी लांबून फेरी घेऊन उतरले. इंजिन बंद केलं आणि दार उघडं टाकून चालत सुटले. विमान मी ओळखलं होतं. दुसऱ्या कंपनीचं, रा लेकांगचं. रा लेकांग म्हणजे आमच्या इथले सगळ्यात जुने पायलट. मला उडायला त्यांनी शिकवलं. पहिल्यांदा मी एकटी उडून खाली आले तेव्हा माझ्या डोक्यावर बादलीभर पाणी त्यांनीच ओतलं होतं.

पाहुणे जीपकडे निघाले होते. रा लेकांग मांडवात टोपी काढून उभे होते.

“दुमेला, म्मा,” ते हसून नमस्कार करत म्हणाले. “तू पण आत्ताच—”

“डोळे कुठे होते तुमचे?”

“काय झालं?”

“काय झालं विचारता? माझ्या डोक्यावर उतरत होतात तुम्ही! खाली मी होते! मी आणि ही बाई!”

त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. “मी चार वेळा बोललो,” ते म्हणाले.

“मी पण चार वेळा बोलले.”

मी त्यांच्या विमानाच्या पंखावर चढून आत डोकावले. उत्तरेची फ्रिक्वेन्सी लावलेली होती. माझ्याकडे दक्षिणेची.

“मी उत्तरेकडून आलो, सेथुन्या. नियमाने बरोबर आहे.”

“आणि फेरी? फेरी का नाही घेतलीत? सरळ कसे शिरलात? मला शिकवताना वहीने पाठीत मारायचात, आधी पट्टीवरून फेरी, मग उतरणं, आकाश रिकामं असलं तरी. ते कुणासाठी होतं? माझ्यासाठीच का?”

“वारा माहीत होता. आकाश मोकळं वाटलं.”

“वाटलं!” मी इतक्या मोठ्याने ओरडले की जीपमधले पाहुणे वळून बघायला लागले. बघू देत म्हटलं.

तेवढ्यात म्मा गालेब्वे येऊन पोचली. सगळ्या स्कर्टवर अंड्याचा बलक. ती रा लेकांगच्या समोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “दुसऱ्याच्या अंगणात शिरताना फाटकाशी थांबून ‘को को’ म्हणावं, एवढं तुझ्या आईने तुला शिकवलं नव्हतं का रे? एवढे केस पांढरे केलेस ते कशात?” मग ती मांडवातल्या बाकावर बसली आणि रडायला लागली. रा लेकांग टोपी हातात धरून तिच्यासमोर उभेच राहिले. मला त्यांची दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेतोलोंनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांना आधीच फोन आलेला होता, त्या दुसऱ्या कंपनीकडून. दोघांचं काय ते ठरलेलं दिसत होतं.

“बस. चहा घे,” ते म्हणाले. “मला सांग, कुणाला खरचटलं का?”

“नाही.”

“विमानाला काही?”

“नाही. अंडी फुटली.”

“मग अंड्यांचा रिपोर्ट लिही.” आणि ते स्वतःच हसले. मी हसले नाही तसे ते पुढे वाकले. “हे बघ सेथुन्या, तू खात्याला कळवलंस तर ते चौकशीला येणार. आधी विमानाची नोंदवही मागणार. वहीत लिहिलंय की दुसरा रेडिओ बंद आहे. सहा आठवडे. आणि सहा आठवडे विमान कोण उडवत होतं? मी?”

ते मला टोचलं, कारण ते खरं होतं. रोज सकाळी ती नोंद वाचून मी सही करत होते. त्यांच्यावर चिडावं की माझ्यावर, हे मला कळेना, म्हणून मी दोघांवरही चिडले.

“मी लिहिणार आहे,” मी म्हटलं. “रेडिओचं पण लिहिणार आहे. सह्या माझ्या होत्या हेही लिहिणार आहे. आणि दर सोमवारी तुम्ही काय सांगत होतात तेही.”

“मग उद्यापासून घरी बस.”

“आजपासून बसते,” मी म्हटलं. चहा तसाच ठेवून उठले.

रिपोर्ट पाठवला आणि घरी बसले. माणसाला राग येऊन घरी बसावं लागलं की घरातल्या भांड्यांचे हाल होतात. तिरो, माझा नवरा, म्हणाला, “तो टोप घासतेस की त्याचा जीव घेतेस?” मी म्हटलं, “जीवाचं नाव काढू नकोस.” माझ्या मनात एकच घोळत होतं. म्मा गालेब्वे सावल्यांकडे बघत होती म्हणून आम्ही जिवंत आहोत. ती डुलक्या काढत असती तर? आकाशात ढग असता तर?

शनिवारी दुपारी फाटकाशी आवाज आला, “को को!”

रा लेकांग होते. मी फाटक उघडलं, पण बसा म्हटलं नाही. ते अंगणात उन्हात उभे राहिले. खिशातून त्यांनी एक छापील कागद काढला.

“हा कंपनीने टाईप करून दिलाय. तू चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर होतीस असं यात लिहिलंय. मी सही करायची. माझ्या निवृत्तीला दोन महिने राहिलेत. सन्मानाने जा, म्हणतात.”

“मग करा सही,” मी म्हटलं. “आणि निरोपाच्या जेवणाला मला बोलवा. मी सगळ्यांसमोर उभी राहून काय झालं ते सांगेन.”

“ते माहीत आहे,” ते म्हणाले आणि दुसऱ्या खिशातून दुसरा कागद काढला. हाताने लिहिलेला. “हा माझा. वाचून बघ. पूर्वी मी तुझे कागद तपासायचो.”

मी वाचला. सरळ लिहिलं होतं. रेघेचं, दोन फ्रिक्वेन्सींचं, खालचं विमान दिसलं नाही हे, फेरी घेतली नाही हे. पण पुढे एक ओळ होती: ‘कंपनीच्या वेळापत्रकाच्या दबावामुळे फेरी टाळली.’

“हे खोटं आहे,” मी म्हटलं. “तुम्हाला घाई नव्हती. मांडवात आरामात उभे होतात.”

त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

“का नाही घेतलीत फेरी? खरं सांगा.”

“कंटाळा,” ते शेवटी म्हणाले. “एकोणचाळीस वर्षं फेऱ्या घेतल्या. गेली दोन-तीन वर्षं नाही घेत. काही होत नव्हतं.”

“मग तसं लिहा.”

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. भिंतीवर कागद धरून ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: ‘कंटाळ्यामुळे फेरी टाळली.’ मग मी आतून खुर्ची आणली. माफ केलं म्हणून नाही. ते पडतील असं वाटलं म्हणून.

“पण कागदाने काही होणार नाही,” मी म्हटलं. “तीन पाठवलेत मी.”

रविवारी मी माऊनच्या विमानतळामागच्या गॅरेजच्या अंगणात सगळ्या कंपन्यांच्या पायलटांना बोलावलं. तेवीस जण आले. निम्मे बाहेरच्या देशांतले, इथे उड्डाणाचे तास कमवायला आलेले आणि नोकरी जाईल म्हणून आधीच घाबरलेले. रा लेकांग मागे भिंतीला टेकून उभे होते. मी झालेलं सगळं सांगितलं. पुढच्या रांगेतला मोरुती नावाचा एक पायलट पाय पसरून बसला होता. तो म्हणाला, “म्मा, डोळे उघडे ठेवले की झालं. एवढं काय त्यात?”

“बरं,” मी म्हटलं. “ज्याला कोबेगाला कधीतरी असं विमान दिसलंय, ज्याचा रेडिओवर आवाज आधी आलाच नव्हता, त्याने हात वर करा.”

आधी कोपऱ्यातल्या एका मुलीने हात वर केला. मग तिच्या शेजारच्याने. मग एकेक करत हात वर होत गेले आणि मी मोजत गेले. एकोणीस. शेवटचा हात मोरुतीचा होता, कोपरापर्यंतच वर केलेला.

मला वाटलं होतं मला बरं वाटेल. उलट माझं डोकंच फिरलं.

“एकोणीस?” मी म्हटलं. “एकोणीस जण, आणि एकानेही लिहून कळवलं नाही? खातं मला म्हणतं, प्रसंग नोंदवलेला नाही. मी तीन पत्रांत त्यांना शिव्या घातल्या. आणि ते खरंच बोलत होते! नोंदवलेलाच नव्हता! गप्प तुम्ही बसलात!”

“तू तरी कधी लिहिलंस, तुला विमान दिसलं ते?” मोरुती म्हणाला. “पत्रात रेघेबद्दल लिहिलंस. स्वतःबद्दल?”

मार्चमध्ये मला एक दिसलं होतं. लांबून, पण दिसलं होतं. लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर तेव्हाही अधूनमधून बंद पडणारा आमचा दुसरा रेडिओ उघडा पडला असता.

“वीस,” मी म्हटलं. “मीही लिहिते.”

त्या दुपारी गाड्यांच्या बॉनेटवर कागद ठेवून वीस जणांनी वीस प्रसंग लिहिले. तारीख, वेळ, कोण कुठून येत होतं, आठवेल तसं. आणि ठरलं की ती रेघ हलेपर्यंत कोबेगाला कुणीही उतरणार नाही. तिघांनी सही केली नाही. त्यांच्याशी मी अजूनही बोलत नाही.

पहिले तीन दिवस कंपन्यांचे मालक हसले. चौथ्या दिवशी कोबेगाचा बर्फ संपला. सहाव्या दिवशी पाहुण्यांना सात तास होडीतून आणि ट्रकमधून आणावं लागलं. त्यातल्या एकीला मधमाशी चावली आणि तिने कॅम्पच्या मालकाला फोनवर जे ऐकवलं ते म्मा गालेब्वेने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि मला फोनवरून शब्दन् शब्द करून दाखवलं. नवव्या दिवशी कॅम्पचा मालक राजधानीला जाऊन बसला. अकराव्या दिवशी खात्याचं पत्रक निघालं. रेघ सात किलोमीटर उत्तरेला सरकली, पूर्ण कोबेगा एका फ्रिक्वेन्सीवर आलं, आणि उतरण्याआधी पट्टीवरून फेरी सक्तीची झाली.

तिरोने मला उचलून घेतलं. मला आनंद झाला नाही. माझ्या तीन पत्रांना चौदा महिने. बर्फाला अकरा दिवस. आम्ही दोघी जळून गवतात पडलो असतो तर किती दिवस लागले असते, ते मला कुणीतरी सांगावं.

चौकशी झाली. बंद रेडिओने उडाल्याबद्दल माझं लायसन्स एक महिना काढून घेतलं. ते बरोबर होतं. फेतोलोंना ताकीद मिळाली. त्यांनी मला परत घेतलं नाही. मी आता सरकारी दवाखान्यांची औषधं नेणाऱ्या विमानावर आहे. रा लेकांगचं लायसन्स तीन महिन्यांसाठी काढलं, म्हणजे ते पुन्हा उडलेच नाहीत. निरोपाचं जेवण कुणी दिलं नाही. ते आपल्या गुरांच्या वाडीवर राहायला गेले.

डिसेंबरात त्यांचा निरोप आला, येऊन जा. मी गेले. त्यांच्या बायकोने सेस्वा, म्हणजे शिजवून कुटलेलं मांस, आणि मोरोगोची पालेभाजी वाढली. रा लेकांग चष्मा पुसत बसले होते.

“अजून रागावलीस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“माझ्यावर?”

“तुमच्यावर पण.”

त्यांनी मान डोलावली. मग आत गेले आणि पूर्ण दलदलीचा नकाशा घेऊन आले. जेवणाची ताटं सरकवून त्यांनी तो चटईवर पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. तांबड्या पेन्सिलीने त्यांनी सगळ्या रेघा गिरवून ठेवल्या होत्या.

“घरी बसून दुसरं काय करणार,” ते म्हणाले. “हे बघ. आणि हे. कोबेगासारख्या अजून दोन पट्ट्या आहेत. रेघ पोटातून गेलेल्या. इतकी वर्षं मी तिथे उतरलो आणि माझ्या कधी लक्षात आलं नाही.”

मी वाकून बघितलं. दोन्ही ठिकाणी मी गेल्याच आठवड्यात उतरले होते.

“पत्र लिहायचं?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं, आणि त्यांच्याच फोनवरून पहिला फोन मोरुतीला लावला.